अमेरिकेत साडेसहा तास

अमेरिकेहून परतून तीन आठवडे झाले. गल्लीत, भाजीबाजारात, देवळात, जो भेटतो तो विचारतो, काय काय पाहिलं? मी सांगते, विमानतळाची फरशी पाहिली, निळ्या खुर्च्या पाहिल्या आणि काचेपलीकडे चार झाडं पाहिली, त्यांना पानं नव्हती. लोकांना वाटतं मी चेष्टा करते. चेष्टा अजिबात नाही. मी अमेरिकेत एकूण साडेसहा तास होते आणि तेही एकाच इमारतीत. तरी हे लिहायला बसले आहे, कारण आमच्या भागातून हल्ली कुणी ना कुणी कायमच्या व्हिसावर निघतं आणि निघण्याआधी फाईल घेऊन माझ्या ओट्यावर येतं. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढलेलं बरं.

आधी माझ्याविषयी थोडं. तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये मी सव्वीस वर्षं काढली. कुणाचा फेरफार, कुणाचा जन्माचा उतारा, कुणाच्या आजोबांच्या नावातलं चुकलेलं अक्षर, हेच निस्तरत बसले. त्या खोलीनं मला धुळीचा खोकला दिला आणि एक ठाम समजूत दिली, की ज्याची नोंद नाही ते झालेलंच नाही. बाकी माझा स्वभाव जन्माचाच. मला एका जागी बसवत नाही. बस यायच्या आधी अर्धा तास मी स्टँडवर येरझाऱ्या घालते. दूध तापत ठेवलं की तीनदा दाराशी जाऊन येते, आणि मग ते उतू जातं.

नाशिक

माझा थोरला भाऊ अण्णा तीस वर्षांपूर्वी न्यू जर्सीला गेला आणि तिथलाच झाला. ऋतुजा, माझी एकुलती एक मुलगी, पहिलीत होती तेव्हा त्यानं बहिणीसाठी अर्ज भरला. ती बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आली तेव्हा आमचा नंबर लागला. मधल्या काळात आम्ही तो अर्ज विसरलो होतो असं मी सगळ्यांना सांगायचे. खोटं. दर महिन्याला व्हिसाच्या तारखांचा तक्ता बघत होते.

नंबर लागला आणि घरात कागदांचा पूर आला. माझ्या जन्माची नोंद ग्रामपंचायतीत सापडेना, म्हणजे दुसऱ्यांच्या नोंदी शोधणारीची स्वतःचीच नोंद गायब. मग नोंद नसल्याचा दाखला काढला. माहेरी मी मंगल. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं सुलभा लिहिलं आणि मी सुलभा झाले. अमेरिकेच्या साहेबाला या दोन बायका वाटल्या. त्या दोघी एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र मला करावं लागलं. डॉक्टरांची तपासणी झाली, लशी टोचल्या, छातीचा फोटो काढला. मग मुलाखत होऊन पासपोर्टावर व्हिसा आला, बरोबर एक बंद लिफाफा, वर लिहिलेलं की उघडू नका.

जाणाऱ्यांनी इथे नीट लक्ष द्या. तपासणीपासून मोजून साधारण सहा महिन्यांत अमेरिकेत पाऊल टाकावं लागतं. लिफाफा सामानात नाही, हातातल्या पिशवीत ठेवायचा. ज्याच्या नावानं मूळ अर्ज आहे त्यानं आधी जायचं, बाकीच्यांनी त्याच्याबरोबर किंवा मागाहून. आमचे हे मखमलाबादला गुलाब आणि झेंडू करतात. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू, फुलांना मागणी, हे कसले निघताहेत. म्हणाले, तुम्ही दोघी शिक्का मारून या, मी नंतर बघतो. ऋतुजाचा बेत असा होता की एकदा आत जाऊन ग्रीन कार्डाची सोय लावायची, परत येऊन परीक्षा द्यायची आणि मग कायमचं जायचं. हे नियमात बसत होतं. व्हिसावर शिक्का पडला की वर्षभर तो कार्डासारखाच चालतो.

तिच्या व्हिसाला आणखी एक अट होती. तो माझ्या अर्जाला जोडून आलेल्या अविवाहित मुलीचा व्हिसा होता. सूचनांच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, की अमेरिकेत प्रवेश मिळेपर्यंत अविवाहितच राहायचं. आत गेल्यावर दुसऱ्या दिवशी लग्न करा, कुणी विचारणार नाही. आधी केलंत तर व्हिसा गेला. आणि तिला एकवीस पूर्ण व्हायला आलेली, त्यानंतर माझ्या अर्जावर येण्याची संधीच नव्हती. मी त्या ओळीला पेन्सिलीनं खूण केली आणि झेंडूचे क्रेट भरताना यांना वाचून दाखवली. हे म्हणाले, "बरं." यांचं बरं म्हणजे ऐकलं असंही असतं आणि ऐकलं नाही असंही.

सिन्नर रस्ता

निखिलचं स्थळ त्याच सुमारास आलं. सिन्नरचं घर, शेती आहे, मुलगा तिथल्याच एका कारखान्यात इंजिनियर. ऋतुजा त्याला तीनदा भेटली, तिला आवडला. लग्न परीक्षेनंतर, असं तिनं स्वतः त्याला सांगितलं होतं आणि तो हो म्हणाला होता. त्यांच्याकडच्यांचं म्हणणं एवढंच, की पोरगी परदेशी जायच्या आधी साखरपुडा होऊन जाऊ दे. साखरपुड्याला कुठल्या साहेबाची हरकत असणार? आम्ही निघायच्या आधीचा रविवार धरला. सिन्नर रस्त्यावरचा हॉल, दोनशे माणसं, जेवणाला पुरणपोळी आणि आमटी.

आमच्याकडची रीत बाहेरच्यांना सांगायला हवी. साखरपुड्याला सगळे पाहुणे जमले की कुणीतरी उठतं आणि म्हणतं, आता लग्नच उरकून घेऊ. मग तसं होतं, आणि दोन्ही घरांचं कौतुक होतं, की बघा किती समजूतदार माणसं, खर्च वाचवला. पेपरातही फोटो येतो. मी स्वतः अशा चार लग्नांत टाळ्या वाजवल्या आहेत.

अंगठ्या घालून झाल्या, पेढे वाटले, आणि निखिलच्या मामांनी माईक हातात घेतला. "पाव्हणेमंडळी सगळी हायेत, भटजी हायेत, जेवान तयार हाय," मामा म्हणाले. "पोरगी आता लांब चाललीय. मंग परत येवढा घाट कशाला घालायचा? आजच चार अक्षता टाकू अन् मोकळं होऊ."

हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या. भटजींनी पंचांग काढून दहा मिनिटांत गोरज मुहूर्त शोधला. कुणी मुंडावळ्यांना गेलं, कुणी उपरण्याचा अंतरपाट केला. विहीणबाई माझ्याजवळ येऊन हात धरून म्हणाल्या, "तुमचं काय म्हन्नं हाय?" यांनी लांबून माझ्याकडे बघितलं. दोनशे माणसं बघत होती. मुलीकडच्यांनी अशा वेळी नाही म्हटलं की त्याचा एकच अर्थ काढतात, मुलीत काहीतरी खोट आहे किंवा अमेरिकेत दुसरं कुणी बघून ठेवलंय. मी मान हलवली. ती हो होती की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. विहीणबाईंनी ती हो धरली.

ऋतुजाला बायकांनी आत नेलं आणि हिरवा चुडा भरून बाहेर आणलं. ती अंतरपाटामागे उभी राहिली तेव्हा तिचं तोंड मला दिसत नव्हतं. सप्तपदी झाली, मंगळसूत्र झालं. पाठवणी तेवढी ठेवली नाही, अमेरिकेहून आल्यावर करू म्हणाले. मी अख्खा वेळ पंगतीत वाढत फिरत होते. थांबले असते तर विचार करावा लागला असता.

रात्रीपर्यंत माझं उत्तर तयार होतं. लग्न नोंदवलंय कुठे? दाखला कुठे आहे? नाही ना, मग झालं नाही. परीक्षेनंतर पुन्हा चार अक्षता टाकू, रजिस्टर करू, तीच लग्नाची तारीख. यांना पटलं, मामांना पटलं, विहीणबाईंना तर फारच पटलं, कारण पुढे निखिललाही जायचं होतं. अण्णाला मी फोनवर काही बोलले नाही. ऋतुजा म्हणाली, "आई, भटजी होते, फेरे झाले." मी म्हणाले, "नोंद नाही." ती गप्प बसली. ती हरली की गप्प बसते असं मला तेव्हा वाटायचं.

कसारा घाट

गुरुवारी दुपारी निघालो. घाटाच्या तोंडाशी एका हॉटेलात मिसळ खाल्ली, मटकी कच्ची होती आणि तर्रीनं ते झाकलं होतं. तिथल्या मोरीत मी ऋतुजाचा चुडा उतरवला. साबण लावला तरी दोन बांगड्या निघेनात. एक वाढली. बांगडी फुटली म्हणायचं नसतं आपल्यात, वाढली म्हणायचं, पण मनगटावर रक्ताचा थेंब आला तो आलाच. मग मंगळसूत्र काढायला सांगितलं. तिनं काढून माझ्या हातात दिलं. जोडवीही काढली. मी सगळं रुमालात बांधून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. चार दिवसांच्या नवरीच्या अंगावरचं मी माझ्या हातानं उतरवत होते. माझी आई असती तर तिनं मला दारात उभं केलं नसतं.

मेंदी मात्र निघत नव्हती. तिला म्हणाले, बाह्या लांब ओढून घे.

मुंबईला सामान चार किलो जास्त भरलं. बाजरीचं पीठ आणि गावठी लसूण काढून आमच्या गाडीच्या ड्रायव्हरला दिला, तो बिचारा सामान उतरवून परत निघाला होता. रांगेत माझे पाय स्वस्थ नव्हते. लिफाफा आहे का म्हणून मी अकरा वेळा पिशवी उघडली. ऋतुजानं मोजलं होतं.

विमानात

आमच्या शेजारी सटाण्याकडच्या एक काकू होत्या, पोराकडे निघालेल्या, खिडकीपाशी त्यांचे यजमान झोपलेले. काकूंनी डब्यातून ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आणि ठेचा काढला आणि विमानातलं जेवण हवाईसुंदरीला परत दिलं. माझंही त्यांनी परत देऊन टाकलं. त्यांच्याजवळ कागदांची पिशवी होती. मी सवयीनं ती घेतली, कागद लावून दिले, मुलाचा पत्ता आणि फोन मोठ्या अक्षरात लिहून दिला. दुसऱ्याचे कागद हातात आले की माझा जीव जरा खाली बसतो.

काकूंनी ऋतुजाचे हात बघितले. "नवी नवरी शे ना?" त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, "नाही हो, मैत्रिणीच्या लग्नातली मेंदी." काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग ऋतुजाकडे, आणि तिला आणखी अर्धी भाकरी दिली.  मला मात्र उगाचच त्यांचा राग आला.

मग मी ऋतुजाची उजळणी घेतली. अण्णामामाचा पत्ता काय, किती दिवस राहणार, लग्न झालंय का विचारलं तर काय सांगायचं. ती शेवटचं उत्तर दर वेळी देत होती, "नाही." मी चार वेळा विचारलं, तिनं चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा विचारलं तेव्हा तिनं कानात वायरी घातल्या. मी उठून विमानाच्या मागच्या भागात येरझाऱ्या घालायला गेले. तिथे एक सरदारजीही तेच करत होते. आम्ही एकमेकांना वाट देत बराच वेळ चाललो.

न्यू जर्सी, सकाळ

सकाळी सातला उतरलो. पहिलं जाणवलं ते हे, की इतकी माणसं असून आवाज नाही. आपल्याकडे एवढ्या रांगेत एव्हाना दोन भांडणं आणि एक ओळख निघाली असती. इथे लोक पिवळ्या रेघेमागे पावलं जुळवून उभे. मी रेघेच्या पुढे गेले तर एकानं नुसता हात दाखवला, आणि मी शाळेतल्या पोरीसारखी मागे आले.

खिडकीतला अधिकारी तरुण होता, डोळ्यांखाली झोप साचलेली. त्यानं लिफाफा घेतला आणि आमच्यादेखत फोडला. इतके महिने देवासारखा जपलेला लिफाफा त्यानं करंगळीनं फाडला. माझ्या बोटांचे ठसे घेतले, फोटो काढला, दोन प्रश्न विचारले आणि शिक्का मारला. म्हणाला, कार्ड भावाच्या पत्त्यावर येईल. एवढंच. चौदा वर्षं वाट पाहिलेली गोष्ट चहाचं आधण यायच्या आत संपली.

मग ऋतुजा पुढे झाली. ठसे झाले, फोटो झाला. शिक्का त्याच्या हातात होता. त्यानं तिच्याकडे बघून सहज विचारलं, लग्न झालंय का?

ऋतुजा म्हणाली, "हो. गेल्या रविवारी."

मी तिच्या मागेच उभी होते. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. अधिकाऱ्यानंही पुन्हा विचारलं, आणि तिनं पुन्हा तेच सांगितलं, आवाज न वाढवता. त्यानं शिक्का बाजूला ठेवला. रागावला वगैरे नाही. बिचाऱ्याचा चेहरा असा झाला, की आता हे लांबलचक काम आपल्याला करावं लागणार.

आम्हाला निळ्या खुर्च्यांच्या खोलीत बसवलं. एक बाई आल्या, वयानं माझ्याएवढ्या, त्यांनी ऋतुजाला पाणी दिलं आणि आत नेलं. जाताना ऋतुजा माझ्यापुढे हात करून म्हणाली, "आई, माझं मंगळसूत्र दे." मी रुमाल सोडला. तिनं ते तिथेच, उभ्या उभ्या, गळ्यात घातलं. मी खुर्चीवरून उठत होते, बसत होते, पुन्हा उठत होते. काचेतून ती चार झाडं दिसत होती ती याच वेळी. मला पोरीचा भयंकर राग आला होता. चौदा वर्षं, तो दाखला, ते प्रतिज्ञापत्र, अण्णाचे हेलपाटे, एका शब्दात पाण्यात.

दीड तासानं मला आत बोलावलं. तिचा जबाब प्रश्न आणि उत्तर, प्रश्न आणि उत्तर असा टाइप केला होता आणि प्रत्येक पानाखाली तिची सही होती. सव्वीस वर्षांत मी इतका नीट जबाब पाहिला नव्हता. मी तरीही म्हणून पाहिलं, की लग्नाची नोंद झालेली नाही. बाईंनी शांतपणे सांगितलं, की तुमच्या देशाच्या कायद्यात फेरे झाले की लग्न झालं, नोंद हा त्याचा पुरावा. त्यांचं बरोबर होतं. कुणी नोंदवलं नाही म्हणून माणूस जन्मला नाही असं होत नाही, हे खरं तर मला माझ्यावरूनच कळायला हवं होतं.

त्यांनी पुढचं समजावलं. ऋतुजानं आपणहून प्रवेशाचा अर्ज मागे घेतला तर तिच्यावर ठपका येणार नाही. तो व्हिसा रद्द होईल आणि दुपारच्या विमानानं ती परत जाईल. ती खोटं बोलली असती आणि पुढे नवऱ्याचा अर्ज भरताना उघड झालं असतं, तर दार कायमचं बंद झालं असतं. माझा शिक्का मात्र झालेला होता. मला बाहेर जायची मोकळीक होती.

बाकावर

अण्णा बाहेर पहाटेपासून उभा होता. हातात दोन जाड कोट, एक माझ्या मापाचा, एक ऋतुजाच्या. सात वर्षांनी भेटत होतो. त्याच्या मानेची कातडी सैल झाली होती, हे मोबाइलवर कधी दिसलं नव्हतं. त्यानं माझ्या मागे बघितलं आणि विचारलं, पोरगी कुठे?

बाकावर बसून मी सगळं सांगितलं. साखरपुडा, मामा, नोंद, सगळं.  त्यानं ऐकून घेतलं आणि डबा उघडला, वहिनीनं साबुदाण्याची खिचडी दिली होती, मला आवडते म्हणून.  आम्ही ती खाल्ली. खिचडी गार होती आणि फार चांगली होती.

"मंगल, तू तरी थांब," अण्णा म्हणाला. मला मंगल म्हणणारा आता तो एकटाच उरलाय. "तिला घ्यायला तिचा बाप येईल मुंबईत. तुझी खोली रंगवलीय मी."

मी म्हणाले, तिला एकटीला नाही पाठवणार. तो म्हणाला, ती वीस वर्षांची आहे, तिनं साहेबासमोर तुझ्यापेक्षा जास्त धीर दाखवला. खरं होतं ते. पण मला थांबवलं नसतं. त्यानं त्याच विमानाचं माझं तिकीट काढलं, पैसे मला सांगितले नाहीत, आणि कार्ड आलं की जपून ठेवतो म्हणाला. वर्षाच्या आत यायचं, एवढं वदवून घेतलं. निघताना दोन्ही कोट त्यानं पुन्हा गाडीत ठेवायला नेले. मी वळून बघितलं नाही, कारण मला रडू आलं असतं आणि सुरक्षेच्या रांगेत रडलेलं बरं दिसत नाही.

परत

ऋतुजाला एक शिपाईबाई विमानाच्या दारापर्यंत घेऊन आली. तिचा पासपोर्ट तिच्या हातात दिला नाही, विमानातल्या माणसाकडे दिला, मुंबईला मिळेल म्हणून. मी जागा बदलून तिच्या शेजारी बसले.  मला येरझाऱ्या घालायच्या होत्या, पण उठले तर ती झोपेल आणि मग विचारता येणार नाही, म्हणून बसून राहिले.

शेवटी विचारलं, "का सांगितलंस?"

"त्यानं विचारलं म्हणून," ती म्हणाली.

मी म्हणाले, मीही विमानात पाच वेळा विचारलं होतं. ती म्हणाली, "तू उत्तर विचारत होतीस. तुझंच उत्तर." मग थोड्या वेळानं, खालच्या आवाजात, "त्या आतल्या बाईंनी विचारलं, लग्न तुझ्या मनानं झालं का. मला काय सांगावं कळेना. निखिल मला आवडतो. पण हॉलमध्ये मला कुणी विचारलंच नाही, आई. सगळ्यांनी एकमेकांना विचारलं. सासूबाईंनी तुला, पप्पांनी तुझ्याकडे बघितलं. चुडा भरणाऱ्या बाईनं मला एवढंच विचारलं, की माप सव्वादोन की अडीच. तू पण नाही विचारलंस."

 सव्वीस वर्षं मी लोकांना सांगत आले, की ज्याचा उतारा असेल त्यानं स्वतः यावं, सही त्याचीच लागते. आणि माझ्या मुलीच्या लग्नाला तिची संमती घ्यायची मला आठवण झाली नाही. व्हिसा गेला याचं दुःख अजून होतं, पण ते बाजूला सरकलं. मला माझी लाज वाटली. तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, झोप आता. मी पहिल्यांदाच विमानात झोपले.

घोटी

मुंबईला दुपारी उतरलो. फोन सुरू केला तर विहीणबाईंचे सात कॉल. अण्णानं यांना कळवलं होतं, यांनी सिन्नरला. मी फोन उचलल्यावर विहीणबाई रागावल्या नाहीत, उलट गोड आवाजात म्हणाल्या, जाऊ द्या आता, अमेरिका नाय तर नाय. सून थेट इकडंच आणा, पाठवणी उरकून घेऊ, औक्षणाचं ताट तयार हाय, पाव्हणे बोलावल्यात. मी बघते म्हणाले. यांना फोन केला तर हे म्हणाले, "बरं."

तोच ड्रायव्हर आला होता. पिठाची भाकरी मऊ झाली म्हणाला. इगतपुरीला गार वारा लागला आणि ऋतुजानं पिशवीतून स्वेटर काढून घातला. घोटीच्या अलीकडे ड्रायव्हरनं गाडी हळू केली आणि आरशातून मला विचारलं, "ताई, हितून सिन्नरला वळू का सरळ नाशिक?"

माझ्या ओठांवर उत्तर आलंच होतं. लग्न झालेली मुलगी, सासरी ताट तयार, पाहुणे बसलेले, यात विचारायचं काय? मी ते गिळलं. गाडी बाजूला घ्यायला सांगितली आणि ऋतुजाकडे वळून विचारलं, "तुला कुठे जायचंय?"

तिनं लगेच सांगितलं नाही. ट्रक जात होते, एक जीप जास्तीची माणसं भरत होती. मला घाई करायची सवय, पण मी वाट पाहिली. 

"सिन्नरला," ती म्हणाली. "पण आज नाही. परीक्षा झाल्यावर. निखिलला मी सांगते. बाकीच्यांना तू सांग."

मी तिथेच विहीणबाईंना फोन लावला. म्हणाले, ऋतुजा आज येत नाही, परीक्षा झाली की येईल. पलीकडे माणसांची गडबड ऐकू येत होती.

"आवो, पाव्हणे बसल्यात," विहीणबाई म्हणाल्या. "हे ठरवलं कुणी? तुम्ही का व्याह्यांनी?"

"ऋतुजानं," मी म्हणाले, आणि ड्रायव्हरला सांगितलं, सरळ घ्या.